नावाड्याची पोर

देवपूर, धुळे
३ सप्टेंबर २०२४

चि. सुलक्षणा,

आशीर्वाद पाठवते आहे. ठेवून घ्यायचे की दारातूनच परत लावायचे ते तुझं तू बघ. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपापुढे एकच टिक येते, दुसरी काही केल्या येत नाही. शेवटी साक्षीला विचारलं. तर तुझी लेक मला म्हणते, "मावशी, आईने तुझा नंबर ब्लॉक केलाय. मी मध्ये पडणार नाही." स्पष्ट बोलते कार्टी, अगदी आपल्या आबांवर गेली आहे. म्हटलं, ठीक आहे, पोस्टमनला काही कुणी ब्लॉक करू शकत नाही.

आखाजीच्या सणापासून चार महिने होत आले. त्या दुपारी मी आमरसाचं पातेलं झाकत होते आणि तुझा फोन आला. दरवर्षी येतो तसा असेल म्हणून मी ओल्या हातानेच उचलला. तू कशी आहेस नाही, काय केलंस नाही, एकदम म्हणालीस, "अक्का, तो नावाड्याच्या पोरीचा पिक्चर आत्ता टीव्हीवर लागेल व्हता. ती पोर बुडस नही ना वं." मी आपलं तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, टीव्हीवाल्यांनी शेवट बदलला असेल, हल्ली काहीही करतात. तुझ्या खोलीतला पंखा मला ऐकू येत होता. मग फोन बंद झाला तो आजतागायत.

आता मला सांग, छत्तीस वर्षांपूर्वीच्या पिक्चरवरून सख्ख्या बहिणीने बोलणं टाकावं? धुळ्यात आम्ही पाहिला त्या रिळाचा शेवट वेगळाही असेल. त्या वेळी गावोगावच्या टॉकीजवाले रीळ कुठेही कापायचे. मला जसं आठवलं तसं मी सांगितलं होतं. एवढं रागावण्यासारखं त्यात काय आहे?

तुझे दाजी गेल्याला तीन वर्षं झाली. समाधान नाशिकला, त्याची बायको-मुलं नाशिकला. मला बरं वाटावं म्हणून त्याने श्रावणात येऊन हा एवढा टीव्ही भिंतीवर ठोकून दिला आणि दुनियेतले सगळे पिक्चर त्यात घालून दिले. रिमोट हातात देऊन म्हणाला, "आई, आता तू राणी." राणीची गंमत ऐक. परवा मी एक पिक्चर चार दिवस बघत होते. मध्ये दूध उतू गेलं, मध्ये सिलिंडरवाला आला, मध्ये डोळा लागला. हिरोच्या आईला मी मंगळवारी आजारी टाकलं ती शुक्रवारी बरी झाली. घरचा पिक्चर आपल्यासाठी थांबतो ना, म्हणून तो संपतच नाही. रडू यायला लागलं की मी बटण दाबते, डोळे पुसून येते, आणि पुन्हा लावला की ते रडू गेलेलं असतं. हसू आलं तर माझंच हसणं मला या खोलीत मोठ्याने ऐकू येतं, मग मी तेही आवरते.

दोन माणसांचं जेवण असेल तर चार घास जास्त जातात, पिक्चरचंही तसंच असावं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अक्का, आधी गप्प बस, मग देख." मला खरोखर तुझी फार आठवण येते आहे. हे मी सरळ लिहिते, कारण वळसे घालून लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही.

चार ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील. मी आता शाळेतून रिटायर झाले आहे, शुद्धलेखन तपासणार नाही.

तुझी,
अक्का


देवपूर, धुळे
२२ सप्टेंबर २०२४

सुलू,

वीस दिवस झाले. पत्र पोचलं हे मला साक्षीकडून कळलं. तू ते वाचून कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंस हेही कळलं. फाडलं नाहीस, एवढ्यावर मी दोन दिवस खुशीत होते.

तर आज तुला मुद्दाम जुनं लिहिते. तुला ठाऊक नाही असं थोडंच असेल, पण मला लिहायचं आहे. आबांनी ठरवलं की प्रमिला हुशार, तिने धुळ्याला सुंदरबाई मावशीकडे राहून कॉलेज करावं. सुलक्षणा घरकामाला बरी, तिने दहावीनंतर गावातच राहावं आणि फार तर दोंडाईच्याला शिवणक्लासला जावं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठ्यांना वाटत नाही.

मावशीला पिक्चरचं वेड. दुपारची भांडी झाली की ती पदर खोचायची आणि म्हणायची, "चाल वं, तीनना खेळ." टॉकीजला बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी होती. हात आत घालायचं भोक एवढंसं, की मावशीच्या बांगड्या त्यात अडकायच्या आणि आतला माणूस ओरडायचा, "बाई, हात मागे घ्या, तिकीट फाटतंय!" पुरुषांच्या रांगेत काठ्या चालायच्या तेव्हा आमच्या रांगेत सात-आठ बाया. मग बाप्ये लोक गोंडस तोंड करून यायचे, ताई, आमची दोन काढून द्या ना. मावशी कॉलेजच्या पोरांना देत नसे, म्हाताऱ्यांना देई.

आत बायकांची बाजू वेगळी, मध्ये लाकडी कठडा. भाजलेल्या शेंगा घरून न्यायच्या. इंटरव्हलनंतर चालायला लागलं की पायाखाली टरफलं वाजायची. रीळ तुटलं की पुरुष शिट्ट्या मारायचे आणि बाया तेवढ्यात पोरांना बाहेर नेऊन आणायच्या. आणि रडणं! शंभर बाया एकदम नाक ओढायच्या. शेजारची अनोळखी बाई आपल्या पदराचं टोक पुढे करायची, घे, पूस. मी या टीव्हीसमोर बसते तेव्हा मला पडद्याची फारशी आठवण येत नाही, त्या पदराची येते.

शनिवारच्या बसने मी गावी यायचे आणि रविवारी दुपारी आपल्या ओट्यावर तोच खेळ पुन्हा व्हायचा. भागाबाई सुपात डाळ घेऊन यायची, मंजुळाबाई वाती वळत बसायची, आणखी चार-पाच जणी. कुणीच टॉकीजचं तोंड पाहिलेलं नाही. मी सुरू करायचे, आपल्या बोलीत, गाण्यांसकट. माझा आवाज काय लायकीचा होता ते तुला माहीत आहे, पण तिथे कुणी तक्रार केली नाही. "मंग काय व्हयनं वं, प्रमिला?" असं दर दोन मिनिटांनी. एकदा मी खलनायकाला जिवंत ठेवून चहाला उठले तर भागाबाई म्हणाली, "त्याले पहिले मारी टाक, मंग मी पानीले जास." मी उभ्या उभ्या मारला त्याला.

आणि तू खांबाला टेकून, गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसायचीस. तोंडातून शब्द काढायची नाहीस. लग्न होईपर्यंत तू एकही पिक्चर डोळ्यांनी पाहिला नव्हतास. तुझे सगळे पिक्चर माझ्या तोंडून झाले.

मी थापा मारायचे. त्यातही मला मजा वाटायची. मारामाऱ्या मी दोन वाक्यांत उरकायचे, कारण बायांना त्यात रस नव्हता. लग्नं लांबवायचे, साड्यांचे रंग सांगायचे, काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्येसुद्धा. सासू वाईट असेल तर आणखी वाईट करायचे. तुम्ही ऐकलेले अर्धे पिक्चर कुठल्याच टॉकीजला कधी लागले नाहीत.

बरं. तो नावाड्याच्या पोरीचा पिक्चरही बदलला होता. आता लिहितेच. शेवट टीव्हीवाल्यांनी बदललेला नाही आणि रीळही कापलेलं नव्हतं. पलीकडच्या वस्तीतल्या पोराबरोबर ती पहाटे घरातून निघते, घाटावर येते तर बाप नावेत बसलेला. आपल्याला वाटतं आता हा दोघांना मारणार. तो वल्हं उचलतो आणि दोघांना पलीकडच्या काठावर सोडून येतो. मी तुम्हाला सांगितलं की भर नदीत नाव उलटली, पोर बुडाली आणि बापाने तिचं प्रेत काढलं. मी त्यात एक वेडा झालेला बापही घातला होता.

पण सुलू, ते मी माझ्या मनाने केलं नव्हतं. मायला किरणचं कळलं होतं. शिवणक्लासच्या गल्लीत राहणारा, मास्तर व्हायला निघालेला, बौद्धवाड्यातला किरण. माय घाबरली. ती मला म्हणाली, पोरीला सरळ सांगून ती ऐकायची नाही, तू तिला काहीतरी असं सांग की तिचं पाऊल मागे येईल. मी मायचं ऐकलं. एकवीस वर्षांची होते, आईचं ऐकण्याचं वय होतं.

तुला राग येणारच. पण मायला जाऊन पंधरा वर्षं झाली, तिच्यावर आता काय रागवायचं, आणि मी तर नुसती सांगणारी. उत्तर पाठव.

अक्का


(पोस्टकार्ड)
धुळे, १ ऑक्टोबर

सुलू, पोस्टकार्ड आहे, वाटेत चार जण वाचतील, म्हणून एवढंच. साक्षीने फोन करून सांगितलं की रविवारी १३ तारखेला तुमच्या जळगावला तिने तीन तिकिटं काढली आहेत, तुझं, माझं, तिचं. मी येत आहे. तू येशील ना? गुडघे दुखतात म्हणू नको, तिथे सरकता जिना आहे. — अक्का


देवपूर, धुळे
१५ ऑक्टोबर २०२४

सुलक्षणा,

तू आली नाहीस.

मी साडेअकराच्या बसने आले, साक्षी मला घ्यायला उभी होती, एकटी. मी तिच्या मागे पाहिलं, मग आणखी मागे पाहिलं. ती म्हणाली, "मावशी, चल, खेळ सुरू होईल." मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं होतं. पण पोरीने हौसेने तिकिटं काढली होती.

कसलं थिएटर ते! गारठा असा की मला वाटलं केळी पिकवायला ठेवतात तिथे आणून बसवलं. खुर्ची मागे जाते, पाय वर येतात, माणूस बसतो की निजतो कळत नाही. बायकांची बाजू नाही, पुरुषांची नाही, कठडा नाही. हे बरंच झालं, मी त्याबद्दल रडणार नाही. सगळे भारी कपडे घालून, सगळे शांत. रडण्यासारखं एक दृश्य आलं तर मी कान देऊन बसले. एकाही बाईने नाक ओढलं नाही. पुढच्या रांगेतली एक मुलगी तेवढ्यात फोन काढून कुणाला तरी काहीतरी पाठवत होती. पडदा मात्र काय सुंदर, आवाज असा की पाऊस पडला तर मी साडी सावरली. तू हसली असतीस मला.

साक्षी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये तुझी खुर्ची. इंटरव्हलला दिवे लागले तर एक माणूस विचारायला आला, इथे कुणी आहे का. मी म्हटलं, आहे, बाहेर गेली आहे. पिक्चर संपेपर्यंत मी त्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली होती.

आणि तिथे, इंटरव्हललाच, साक्षी तो मक्याचा डबा हातात धरून मला म्हणाली, "मावशी, आईने एक विचारायला सांगितलंय. ती म्हणाली, अक्काला विचार, त्या महिन्यात माय कुठे होती." माझ्या घशात दाणा अडकला. ती पोर माझी पाठ थोपटत राहिली. तिला काही माहीत नाही, तू तिला सांगितलेलं दिसत नाही, हे तुझे उपकार आहेत.

माय त्या महिन्यात शहाद्याला मामाकडे होती. मामीच्या बाळंतपणाला. पूर्ण सव्वा महिना. मी विसरले होते. खोटं बोलताना इतकी साधी गोष्ट मी विसरले, आणि तू विसरली नव्हतीस.

मायने मला काही सांगितलं नव्हतं, सुलू. तिला किरणचं नाव तिच्या मरणापर्यंत कळलं नाही. मेलेल्या आईवर मी ढकललं. ते पत्र लिहून झाल्यावर मी जेवलेसुद्धा, इतकी मी निर्ढावलेली आहे.

ऐक आता खरं. सुंदरबाई मावशीने लग्नाच्या पोलक्याचं कापड दोंडाईच्याला तुझ्या क्लासमध्ये शिवायला द्यायला सांगितलं म्हणून मी शुक्रवारी तिथे उतरले. गल्लीच्या तोंडाशी तू आणि तो उभे होतात. तुझी कापडाची पिशवी त्याच्या हातात होती. तू हसत होतीस, दात दिसेपर्यंत. घरात मी तुला तसं कधी पाहिलं नव्हतं. मी पुढे आलेच नाही, कापड तसंच घेऊन स्टँडवर परत गेले.

माझा साखरपुडा झालेला होता. बन्सीलालच्या घरच्यांनी आखाजीनंतरची तारीख काढली होती. ते ओव्हरसियर, सरकारी नोकरी, आबा गावभर सांगत फिरत होते. धाकटी पळाली, आणि तीही बौद्धाच्या पोराबरोबर, की मोठीची सोयरीक मोडणार, हे आपल्या भाऊबंदांत कुणाला सांगावं लागत नव्हतं. तुला वाटेल मला आधी तुझी काळजी वाटली असेल, आबा तुझं काय करतील याची. नाही वाटली. स्टँडवर बसून मी फक्त माझ्या लग्नाचा विचार केला. मला बन्सीलाल आवडले होते. मला ते घर हवं होतं, देवपूरचं, नळ असलेलं.

तो पिक्चर मी धुळ्यात गुरुवारीच पाहिला होता. गावी येताना बसमध्ये मी त्याला नवा शेवट लावला. बुडण्याचा प्रसंग दुसऱ्या एका पिक्चरमधून घेतला, पूर तापीचा घेतला. आबांचं नाव घेतलं नाही, पण त्या नावाड्याला मी आबांसारखं खाकरायला लावलं, आबांसारखं टोपी काढून मांडीवर ठेवायला लावलं. मी इतकं चांगलं कधीच सांगितलं नव्हतं. मंजुळाबाईने वाती टाकून दिल्या होत्या.

तू मध्येच उठून आत गेलीस. आठ दिवसांत तू क्लास सोडलास. वर्षाने तू जामनेरला नवलरावांच्या घरी गेलीस. मी धुळ्यात नळाचं पाणी भरत होते.

नंतर कितीतरी आखाज्यांना आपण दोघी त्याच ओट्यावर बसलो, तुझ्या कडेवर साक्षी, माझ्या मांडीवर समाधान. प्रत्येक वेळी वाटायचं, आज बोलून टाकू. मग तू मला रस वाढायचीस आणि मी खायचे.

मी तुझं आयुष्य घेतलं. ते परत देता येत नाही आणि माफी मागायला मला तोंड नाही. तरी मागते. तू माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाहीस तर मी म्हणेन, बरोबर केलं. पण मला तसं जगायचं नाही, हेही खरं.

प्रमिला


जळगाव
२४ ऑक्टोबर

अक्का,

तुझी सगळी पत्रं मिळाली. पोस्टकार्ड आधी यांनी वाचलं. मला म्हणाले, "सरकता जिना आहे म्हणतेय, जा ना." नवलराव तेवढंच बोलतात. मी त्या दिवशी गेले नाही, कारण तू मायवर ढकललेलं माझ्या डोक्यात बसलं होतं. अंधारात तुझ्या शेजारी बसून मला पिक्चर दिसला नसता.

आता मी लिहिते आणि तू गप्प बस. तुला मध्ये बोलायची सवय आहे.

तो पिक्चर मी पाहिलेला होता.

तू ओट्यावर सांगितलास त्याच्या आदल्या बुधवारी. दोंडाईच्यात बाजाराच्या मागे एकाने व्हिडिओ हॉल काढला होता. हॉल कसला, गोदाम. खिडक्यांना ताडपत्री, खाली चटया, समोर टेबलावर टीव्ही आणि कॅसेटचं मशीन. मी क्लास बुडवला, किरणने कॉलेज बुडवलं. चित्र थरथरत होतं, माणसांची तोंडं हिरवी दिसत होती, मशीन अडलं की तो मालक त्याच्यावर चापट मारायचा. मी आयुष्यात पहिल्यांदा पिक्चर पाहत होते आणि मला सारखं वाटत होतं, अक्का याच्यापेक्षा छान सांगते. शेवटी बाप वल्हं उचलतो ना, तेव्हा किरणने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "देख, बाप सोताच सोडाले उना." आम्ही तिथेच ठरवलं. पुढच्या मंगळवारी नाशिकला जायचं. माझे दोन जोड कपडे शिवणाच्या पिशवीत तळाशी होते.

रविवारी तू आलीस आणि तोच पिक्चर सांगायला बसलीस. मला पहिल्यांदा हसू येत होतं. किती थापा मारते ही, मनात म्हणत होते, ती साडी कुठे हिरवी होती. मग तू नाव उलटी केलीस. बाया रडायला लागल्या. तूही रडत होतीस, अक्का. तुला आठवत नसेल. पिक्चर सांगताना तू कधी रडायची नाहीस, दुसऱ्यांना रडवायचीस. त्या दिवशी तू मला सोडून सगळ्यांकडे बघत होतीस. तेव्हा मला कळलं की हिने आम्हाला पाहिलंय आणि ही भ्यालीय. तू आबांना भ्यायची नाहीस, सापाला भ्यायची नाहीस. इतकी भ्यालेली मी तुला तेव्हा एकदाच पाहिली.

मी आत गेले ती पाणी प्यायला. माठाजवळ उभी राहिले. बाहेर तुझा त्या बुडणाऱ्या पोरीचा आवाज चालू होता. तिथे मी ठरवलं. सोमवारी किरणला मीच सांगितलं, माझ्या बहिणीचं लग्न होऊ दे, तोवर थांब. त्याने सहा महिने वाट पाहिली, मग त्याला शहाद्याकडे नोकरी लागली. तू लग्न होऊन गेलीस तेव्हाही मी म्हणू शकले असते, चल. नाही म्हणाले. आबा थकले होते, माझंही धाडस गेलं होतं. ते माझं. जामनेरचं स्थळ आलं त्याला हो म्हणाले, तेही माझं. आणि यांच्याबरोबर मी काही वाईट राहिले नाही.

म्हणून तुझ्या पत्रातलं ते वाक्य, "मी तुझं आयुष्य घेतलं," ते मी पेनाने खोडलंय. घेतलं नाहीस. मी दिलं. एकोणीस वर्षांची होते, सगळं समजून दिलं. तुला ते घेतल्यासारखं वाटतं, कारण मी कशी मूर्ख, ओट्यावर बसून तुझं ऐकणारी, असंच तू मला कायम धरलंस.

आखाजीला फोन केला तो तुला पकडायला केला नव्हता. पिक्चर टीव्हीवर लागला, घरात मी एकटी होते, सबंध पाहिला. मनात आलं, दाजी गेले, आबा-माय गेले, आता लपवायचं कुणापासून? आता ही म्हणेल, सुले, मला तेव्हा फार भीती वाटली होती. तेवढं ऐकलं असतं की मी म्हणणार होते, माले ठाऊक शे. छत्तीस वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं मी ते वाक्य. आणि तू म्हणालीस, टीव्हीवाल्यांनी शेवट बदलला. मला वाटलं, मी हिला एवढं दिलं आणि हिला मिळाल्याचंच माहीत नाही. मग मी कुणाला दिलं?

एवढ्या पत्रांत तू मला एक विचारलं नाहीस, किरणची आठवण येते का. तेही सांगते. येते. कधी एखादा पिक्चर लागला की येते, आणि पिक्चर संपला की जाते.

तुझी आखाजीपासून गेलेली नाही.

फोन करू नको, फोनवर तू खोटं बोलतेस. ये.

सुलक्षणा